उचललेली चारचाकी परत आणताना: पुण्यातला सगळा क्रम

गाडी लावली होती तिथे दुसऱ्याच कोणाची तरी गाडी उभी दिसली की आधी स्वतःवरच शंका येते. हीच गल्ली ना? मग चोरीचा विचार येतो आणि पोटात गोळा उठतो. पण पेठांमध्ये, डेक्कनला किंवा कॅम्पात भरदिवसा चारचाकी जागेवरून गायब झाली, तर बहुतेक वेळा ती टोइंगवाल्यांनी उचललेली असते. या सगळ्यातून गेल्यावर हे सविस्तर लिहून ठेवतेय. दंड किती, हे कोणीही सांगतं. पण आधी कुठे जायचं, पैसे भरण्याआधी काय बघायचं आणि कशाची पोच घ्यायची, हे सहसा कोणी सांगत नाही. दंडाचा आकडा ठरलेला असतो, तो कमी-जास्त होत नाही. खरा फटका बसतो तो घाईघाईत पावती करून गाडी न बघता बाहेर काढल्यामुळे.

लगेच रिक्षा शोधू नका. पाच मिनिटं जागेवरच थांबा. समोरच्या दुकानदाराला, टपरीवाल्याला किंवा सोसायटीच्या वॉचमनला विचारा. रोज तेच बघत असल्यामुळे गाडी कोणत्या चौकीला नेतात, हे त्यांना नेमकं ठाऊक असतं. पुण्यातला दुकानदार आधी "पाटी दिसली नाही का?" असं विचारेल, मग पत्ता सांगेल. विचारून घ्या: किती वेळ झाला, सोबत गणवेशातला पोलीस होता का, उचलण्याआधी भोंग्यावरून गाडीचा नंबर पुकारला का. आत्ता हे किरकोळ वाटतं, पण तक्रार करायची वेळ आली तर याच गोष्टी विचारल्या जातात.

मग फोटो काढा. पाटी कुठे आहे, गाडी लावलेल्या जागेवरून ती दिसते का, फांदीआड किंवा फ्लेक्सआड गेली आहे का, खाली जुने पांढरे-पिवळे पट्टे आहेत का, आजूबाजूला कोणत्या गाड्या उभ्या आहेत. एक फोटो लांबून घ्या, ज्यात रस्ता ओळखू येईल, आणि एक पाटी वाचता येईल इतक्या जवळून. दंड योग्यच आहे असं वाटत असलं तरी काढून ठेवा.

पाटी पी-१, पी-२ ची असेल तर तारीख बघा. पी-१ म्हणजे विषम तारखेची बाजू, पी-२ म्हणजे सम तारखेची. रात्री बरोबर बाजूला लावलेली गाडी बारा वाजून गेले की चुकीच्या बाजूला येते, आणि रात्री मुक्कामी आलेल्या पाहुण्यांची गाडी सकाळी जाते ती यामुळेच. एकतीस दिवसांच्या महिन्याअखेर याच्या उलट होतं. ३१ आणि १ या दोन्ही तारखा विषम असल्याने बाजू बदलत नाही, आणि सवयीने गाडी पलीकडे नेऊन लावणारा सापडतो.

आता मोबाईल. महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की चलानं दिसतात. हे चार आकडे आरसीवर असतात आणि आरसी बऱ्याचदा उचललेल्या गाडीतच असते. म्हणून आरसीचा फोटो फोनमध्ये हवा, किंवा डिजिलॉकर आधीच जोडलेलं हवं. चलान दिसलं तर ठिकाण, वेळ आणि बहुधा फोटोही मिळतो. दिसलं नाही, तर गाडी उचललेली नाही असं मात्र समजू नका. बऱ्याचदा नोंद चौकीत पावती करतानाच होते. एसएमएस आरटीओकडे नोंदलेल्या मोबाईलवर जातो. गाडी सेकंडहँड घेतलेली असेल आणि नंबर बदलून घेतला नसेल तर तो आधीच्या मालकाला जातो, आणि तो आपल्याला कळवेलच असं नाही. याच वेळी व्हॉट्सॲपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाईल आली तर उघडू नका. खरं चलान ॲपची फाईल म्हणून येत नाही, ते फसवणुकीचं काम आहे. आणि गाडी शोधताना माणूस इतका गडबडलेला असतो, की नेमका त्याच दिवशी त्यात अडकतो.

कुठेच पत्ता लागला नाही तर ११२ ला फोन करून गाडीचा नंबर आणि रस्ता सांगा, आणि वाहतूक नियंत्रण कक्षाकडून उचललेल्या गाड्यांत हा नंबर आहे का ते विचारून घ्या. तिथेही नाही म्हणाले तर चोरीची तक्रार लांबवू नका. विमा कंपनी उशिराचं कारण विचारते.

चौकी शोधताना हद्दीचा घोळ होतो. गाडी त्या रस्त्याच्या वाहतूक विभागाकडे जाते, आपल्याला जवळ वाटते त्या चौकीकडे नाही. फरासखाना, विश्रामबाग, खडक, समर्थ, डेक्कन, शिवाजीनगर असे हे विभाग आहेत, आणि लक्ष्मी रस्त्यासारखा लांब रस्ता एकाच विभागात बसत नाही. म्हणून "लक्ष्मी रोडवरून उचलली" एवढं सांगून भागत नाही. कोणत्या चौकाजवळून, ते सांगा. शहराच्या कडेला आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ पासून वेगळं आहे. बाणेर पुण्याकडे, वाकड तिकडे. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीत गाडी लावली असेल तर पुण्यातल्या चौकीत हेलपाटा घालून उपयोग नाही.

गाडी जागेवरच आहे पण चाकाला जॅमर लागलाय, हा त्यातल्या त्यात बरा प्रकार. काचेवर चिकटवलेल्या कागदावर फोन नंबर असतो. फोन करून किल्लीवाला येईपर्यंत तिथेच थांबा. गाडी जरा पुढे-मागे करून बघू, असं अजिबात करू नका. जॅमर रिमला आणि ब्रेकच्या पाइपला घासतो, आणि रिम जॅमरपेक्षा कितीतरी महाग असते.

आणि गाडी तुमच्या डोळ्यांदेखत उचलली जात असेल तर? समोर उभं राहून, सोबतच्या पोलिसाशीच बोला. ठेकेदाराच्या पोरांशी हुज्जत घालून काही निघत नाही, त्यांना सोडायचा अधिकारच नसतो. "साहेब, मी आलेय, पावती करा, गाडी खाली घ्या," एवढंच. गाडी जागेवरून हललेली नसेल तर टोइंगचे पैसे न घेता फक्त चलान करा, ही विनंती रास्त आहे आणि बहुतेक वेळा मान्य होते. गाडीत चढून बसू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये नाना पेठेत दुचाकी स्वारासकट वर उचलल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला होता. चूक कोणाची हे नंतर ठरतं, पण हवेत लटकणारे आपण असतो.

चौकीला जाण्याआधी कागद गोळा करा: आरसी, लायसन, विमा, पीयूसी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद नियमाने चालतात, नुसता गॅलरीतला फोटो चालेलच असं नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल, म्हणजे वडिलांच्या, नवऱ्याच्या किंवा कंपनीच्या, तर मालकाचं सहीचं साधं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स न्या. मालक गावी असेल तर पत्राचा फोटो आणि फोनवर बोलणं यावर काम होऊ शकतं, पण ते समोरच्या अंमलदारावर आहे. विमा संपलेला असेल तर सरळ पार्किंगच्या दंडात आणखी भर पडते. विमा नसताना गाडी चालवल्याचा दंड पहिल्या वेळी २,००० आणि पुढच्या वेळी ४,००० रुपये आहे. निघण्याआधी पॉलिसीची तारीख बघा. संपली असेल तर गाडी बाहेर काढून चालवण्याआधी नूतनीकरण करायलाच हवं. खंड पडलेला असला तर कंपनी स्वतःच्या नुकसानीचा विमा देण्याआधी गाडीची तपासणी मागते, पण निव्वळ थर्ड पार्टी विमा ऑनलाइन लगेच मिळतो. पीयूसी बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना वर्षभर चालते. ती संपलेली राहते कारण तिची आठवण कोणी करून देत नाही. आणि लायसन असलेला माणूसच गाडी घ्यायला जायला हवा. विनालायसन चालवल्याचा दंड ५,००० आहे.

जमल्यास अंधार पडण्याआधी पोचा. एक तर गाडी नीट दिसते, आणि दुसरं, रात्री पावतीचं मशीन घेऊन कोणी बसलेलं असेल याची खात्री नसते. शनिवार-रविवारी संध्याकाळी तासभर धरूनच चला. त्यातला बराचसा वेळ रांगेचा नसतो. मशीनवाला अंमलदार चौकात ड्युटीवर असतो, तो परत येण्याची वाट बघावी लागते.

चौकीत शिरल्यावर सगळ्यांचा हात पाकिटाकडे जातो. जरा थांबा. "साहेब, पावती करतेच, आधी गाडी बघून घेते," असं सांगून गाडीजवळ जा. पैसे भरून, किल्ली फिरवून, गाडी फाटकाबाहेर नेल्यावर "हा ओरखडा तुमच्याकडे पडला" हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. गाडी आत असताना मात्र तेच दोन मिनिटांचं काम आहे.

काय बघायचं हे समजायला गाडी कशी उचलतात ते समजलं पाहिजे. पेठांतून चारचाकी नेणाऱ्या ट्रकला मागे हायड्रॉलिकवर चालणारा लोखंडी हात असतो. त्याच्या टोकाला जमिनीलगत आडवा दांडा आणि दांड्याच्या दोन टोकांना चाक बसेल असे पाळण्यासारखे कप्पे. गाडीची पुढची किंवा मागची दोन चाकं त्यात अडकवतात, पट्ट्याने आवळतात, हात वर घेतात आणि निघतात. उरलेली दोन चाकं रस्त्यावरून ओढत नेली जातात. सगळी भानगड या उरलेल्या दोन चाकांची आहे.

पुढून उचलली तर मागची चाकं खाली राहतात. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांनाच लागतो आणि तो आपण लावलेला असतो. गाडीला कुलूप असल्यामुळे तो कोणी सोडवू शकत नाही. मग ती चाकं फिरत नाहीत, घासतात. टायर एकाच जागी झिजून सपाट होतो, हँडब्रेकची केबल ताणते. मागून उचलली तर पुढची चाकं खाली. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात, आणि उतारावर लावल्यामुळे किंवा सवयीने गाडी गिअरमध्ये ठेवलेली असते. म्हणजे पुढची चाकं गिअरबॉक्समधून थेट इंजिनाला बांधलेली. शिवाय स्टेअरिंग लॉक असतं, आणि चाकं वळलेली असली तर तिरकीच ओढली जातात. ऑटोमॅटिकमध्ये 'पी'ला ठेवल्यावर गिअरबॉक्समधला एक छोटा खटका चाकं धरून ठेवतो. ओढताना सगळा जोर त्या खटक्यावर येतो. हे टाळायचं तर जमिनीवरच्या चाकांखालीही छोट्या चाकांची ट्रॉली सरकवावी लागते. गर्दीच्या वेळी ते दरवेळी होतंच असं नाही. चारही चाकांवर चालणाऱ्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांची चाकं जमिनीवर फिरवत ओढूच नयेत, असं त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. इलेक्ट्रिकमध्ये चाक फिरलं की मोटर वीज तयार करू लागते. अशा गाड्या सपाट ट्रकवर चढवून न्यायच्या असतात. आपली गाडी तशी असेल तर ती कशी आणली ते पहिल्यांदा विचारा आणि उत्तर लिहून ठेवा.

म्हणून तिथल्या पोराला पहिला प्रश्न: पुढून उचलली की मागून? मग जी चाकं जमिनीवर होती त्यांच्याकडे जा. टायरवर हात फिरवा. कुठे चपटं, गुळगुळीत किंवा केस उभे राहिल्यासारखं रबर लागतं का? गाडी जरा पुढे सरकवून टायरचा खालचा भागही बघायचा. घासलेली जागा नेमकी तिथेच दडते. जी चाकं कप्प्यात होती त्यांच्या टायरच्या बाजूला काप आहे का, अलॉय असेल तर कडेला चांदीसारखी चमकणारी नवी रेघ आहे का ते बघा. जुना ओरखडा मळकट असतो, नवा चमकतो, हा फरक फोटोत स्पष्ट दिसतो.

मग पुढचा बंपर. आजकालच्या गाड्यांचा बंपर इतका खाली असतो की दांडा आत सरकवताना त्याची खालची कड दाबली जाते. वरून काहीच दिसत नाही. गुडघ्यावर बसा, मोबाईलचा टॉर्च लावा आणि चाकाच्या वरच्या कमानीत, बंपर जिथे पत्र्याला मिळतो तिथे बघा. तिथे काळ्या प्लॅस्टिकचं अस्तर छोट्या क्लिपांनी धरलेलं असतं. क्लिप तुटली की अस्तर लोंबतं, आणि बंपर व पत्र्यामध्ये नखभर फट पडते. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का ते पडताळा. त्यानंतर इंजिनाखालचं प्लॅस्टिक कव्हर. एका कोपऱ्यातून सुटलेलं असेल तर हळू चालवताना काही कळत नाही, पण पुढे वेगात हवेच्या जोराने ते फाटून चाकात येऊ शकतं. आरसे, वायपर, दारांची कुलपं आणि आतलं सामान बघायला फार वेळ लागत नाही. आतल्या दिव्याकडे आणि अलार्मकडे लक्ष द्या. उचलताना अलार्म वाजत राहिला असेल तर जुनी बॅटरी उतरलेली असू शकते.

चारही बाजूंचे फोटो घ्या. एका फोटोत गाडीचा नंबर आणि मागे चौकीचं आवार दिसू द्या. शक्य असेल तर उचलतानाचे त्यांच्याकडचे फोटोही बघायला मागा. काहीच मोडलेलं नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडून द्या.

काही सापडलं तर आवाज चढवू नका. किरकोळ क्लिप, लोंबणारं अस्तर यासाठी ठेकेदाराचा माणूस तिथेच "चला, करून देतो" म्हणतो. फेविक्विक लावणार असेल तर नको म्हणा. बंपर, टायर, रिम असं काही असेल तर त्या वाहतूक विभागाच्या पोलीस निरीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहा: गाडीचा नंबर, तारीख-वेळ, कुठून उचलली, टोइंग गाडीचा नंबर, सोबतच्या अंमलदाराचा बिल्ला क्रमांक, काय मोडलं. शेवटी 'गाडी ताब्यात घेण्यापूर्वी आवारात पाहणी केली, छायाचित्रं सोबत आहेत' हे एक वाक्य हवंच. दोन प्रती करा, एक द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. "साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं तर आवक नोंदणाऱ्या अंमलदाराची पोचही चालते. मग वर्कशॉपचं लेखी अंदाजपत्रक घेऊन त्याच अर्जाच्या संदर्भाने पाठपुरावा करायचा. भरपाई ठेकेदाराने द्यायची असते. ती लगेच मिळत नाही, आणि पोच नसेल तर मिळतच नाही.

विम्यातून करून घेऊ, हा विचार आकडेमोडीशिवाय करू नका. प्रत्येक क्लेममध्ये सक्तीची वजावट आहे: १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००. झिरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर ५० टक्के घसारा. समजा, बंपर ६,००० चा. कंपनी ३,००० धरणार, त्यातून १,००० गेले, हातात २,०००. आणि क्लेम केला की पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस शून्यावर येतो. २०, २५, ३५, ४५, ५० अशी ती शिडी असते, वर्षाला एक पायरी. तुम्ही ३५ टक्क्यांवर असाल आणि स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता ८,००० असेल तर २,८०० ची सूट एकट्या पुढच्याच वर्षी जाते, आणि पुन्हा तळापासून सुरुवात. एवढ्याशा बंपरसाठी क्लेम करणं म्हणजे निव्वळ तोटा.

आता पावती. अंमलदार हातातल्या मशीनवर नंबर टाकतो, गाडीची माहिती आणि जुनी थकलेली चलानं समोर येतात. पार्किंगचं तडजोड शुल्क, म्हणजे आपण ज्याला दंड म्हणतो ते, पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा केल्यास १,५०० आहे. राज्यात हे दर डिसेंबर २०२१ पासून लागू झाले, त्याआधी २०० होते. टोइंगचे पैसे वेगळे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे चुकीच्या जागी लावलेली गाडी हद्दीतला गणवेशातला पोलीस हलवायला सांगू शकतो आणि हलवण्याचा खर्च मालकाने द्यायचा असतो, दंडाव्यतिरिक्त. २०२३ मध्ये पुण्यात चारचाकीचं टोइंग ४८४ रुपये होतं, त्यावर १८ टक्के जीएसटी ८७.१२. दंड धरून १,०७१.१२. दुचाकीला २४२ अधिक ४३.५६, म्हणजे दंडासह ७८५.५६. दुसऱ्यांदा सापडलेल्या चारचाकीला याच हिशोबाने २,०७१.१२. टोइंगचा दर ठेक्याप्रमाणे बदलतो, पण पावतीवर या तीन रकमा वेगवेगळ्या दिसायला हव्यात: तडजोड शुल्क, टोइंग, जीएसटी. एकच गोल आकडा सांगितला तर फोड विचारा. "पावती नको, थोडक्यात मिटवू" हा प्रस्ताव कुठूनही आला तरी घेऊ नका. पावती नाही म्हणजे गाडी तिथे आलीच नव्हती, मग बंपरची तक्रार कशाच्या आधारावर करणार?

जुनी चलानं दिसली की तीही आत्ताच भरा, असा आग्रह होतो. सिग्नलचं, हेल्मेटचं काही आपलं नसेल, नंबर चुकीचा वाचला गेला असेल, तर तिथे भरू नका. आधी चलानातला फोटो उघडून बघा. आपली असतील तर भरून टाकणं सोयीचं, कारण जुनं पार्किंगचं चलान पडून असलं की नवीन चलान दुसऱ्या वेळेच्या दराने पडण्याची शक्यता असते. लोकअदालतीत सवलत मिळते म्हणून थांबायचं असेल तर ते अंमलदाराला सौम्यपणे सांगता येतं. कधी ऐकून घेतात, कधी नाही.

पैसे कार्डाने किंवा क्यूआरने द्या, म्हणजे बँकेत नोंद राहते. रोख देत असाल तर सुट्टे घेऊन जा. पावती थर्मल कागदावर असते आणि डॅशबोर्डवरच्या उन्हात काही दिवसांत कोरी होते. हातात आल्याआल्या फोटो काढा. गाडीचा नंबर, वेळ, ठिकाण, कलम वाचा. नंबरातला एक आकडा चुकला तर पैसे दुसऱ्याच्या चलानात जमा होतात.

दंडच मान्य नसेल तर हे पैसे भरण्याआधी ठरवा. तडजोड शुल्क भरलं म्हणजे गुन्हा मान्य करून प्रकरण मिटवलं. न भरता महाट्रॅफिकवर तक्रार नोंदवता येते, आणि प्रकरण न्यायालयात नेता येतं. पाटीबद्दल वाद असेल तर त्या रस्त्यावरच्या नो पार्किंगच्या आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रामाणिकपणे सांगायचं तर ५०० रुपयांसाठी हे फार कमी जण करतात. पाटी फांदीआड असेल आणि रोज तिथून गाड्या जात असतील, तर मात्र एकाने तरी करावं.

गाडी बाहेर काढताना थेट मुख्य रस्त्यावर नेऊ नका. हँडब्रेक सोडून गाडी मोकळी सरकते का बघा. शेजारच्या शांत रस्त्यावर वीसच्या वेगाने थोडं जा. सरळ रस्त्यावर स्टेअरिंगचा मधला भाग सरळ आहे का, हात सैल सोडले तर गाडी एका बाजूला ओढते का, जळका वास येतो का. मग चाळीस-पन्नासच्या वेगाला ठराविक तालात धप-धप जाणवली तर टायर एका जागी सपाट झालाय. टायरमधल्या दोऱ्या दिसत असतील तर तो लगेच बदला, नाहीतर बॅलन्सिंगवाल्याला दाखवून घ्या. तिरकी ओढलेली गाडी असेल तर व्हील अलाइनमेंट त्याच आठवड्यात करा. काहीशे रुपयांचं काम आहे, टाळलं तर पुढचे टायर कडेने झिजतात. अलाइनमेंटच्या मशीनची छापील पट्टी सांभाळून ठेवा, अर्जाला जोडता येते.

पेठेत परत गाडी घेऊन जायचं असेल तर मंडईजवळचे आर्यन आणि मिसाळ वाहनतळ, नाहीतर नारायण पेठेतला हमालवाडा. सणासुदीला तेही भरलेले असतात, तेव्हा गाडी नदीपलीकडे लावून मेट्रोने किंवा रिक्षाने येणं स्वस्त पडतं.

दोन-तीन दिवसांनी ई-चलानच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा नंबर टाका. चलान 'भरले' असं दिसायला हवं. अजून थकलेलं दिसत असेल तर पावतीच्या फोटोवरचा व्यवहार क्रमांक आणि बँकेच्या नोंदीचा स्क्रीनशॉट जोडून तिथेच तक्रार टाका, आणि दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्यांदा भरू नका. तेवढ्यात आरसीवरचा मोबाईल नंबरही परिवहनच्या संकेतस्थळावर तपासून घ्या. चुकीचा असेल तर आधारची पडताळणी करून घरबसल्या बदलता येतो.